बेने इस्रायलांचीं कोंकणांतील कबरस्थानें व त्यांचें रक्षण

जुने कागद हुडकीत गांवोगांव हिंडणाऱ्या संशोधकाची दृष्टि देवळें, वाडे व दप्तरें यांवर जाते. गांवाबाहेरील कबरस्थानाकडे ती क्वचितच वळते. वस्तुतः कबरीवरील लेख नकलकाराच्या हातून गेलेला नसतो. तो अस्सलच असतो. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे हल्लींच्या रायगड, जिल्ह्यांतील बेने इस्रायलांच्या कबरस्थानांवरून हें दाखवावें, असा आमचा उद्देश आहे.

अलिबागेजवळ नवगांव येथें गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या आणि बुडालेल्यांस तेथेंच पुरलें, अशी या समाजाची परंपरा आहे. पुढें हे लोक तेल गाळण्याचा धंदा करूं लागले व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. वस्तीच्या गांवांवरून किहीमकर, पेणकर, रोहेकर अशीं आडनांवें पडलीं. यास्तव आडनांव जें गांव सांगतें, तेथील कबर हा त्या घराण्याचा स्थानिक पुरावा होय. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबें इस्रायलांत गेलीं. पूर्वजांच्या कबरी मात्र मागें राहिल्या. जेथें वस्ती उरली नाहीं, तेथें झाडी माजून दगड उलथतात आणि अक्षरें झिजतात.

या कबरींवर मराठी व हिब्रू असे दोन्ही लेख आढळतात. हिब्रू वर्षांक अक्षरांनीं लिहितात व त्यांतील सहस्रक बहुधा गाळतात. ६०० हा आंकडा निघाल्यास तो ५६०० समजावा. त्यांतून ३७६० वजा करितां इ. स. १८४० येतें. हें वर्ष शरदृतूंत बदलत असल्यामुळें त्यापुढें डिसेंबरअखेरपर्यंत ३७६१ वजा करावे लागतात. म्हणून महिना व तिथि अवश्य टिपावी.

रक्षणाचें पहिलें काम नकल घेणें हें होय. समाजाच्या पंचांची अनुमति घेऊन सकाळच्या तिरप्या उन्हांत छायाचित्र घ्यावें, कबरींचा नकाशा काढावा व लेख ओळीवार उतरावा. दगड भक्कम असेल तरच ठसा घ्यावा. शेवाळ स्वच्छ पाण्यानें व मऊ कुंचल्यानें काढावें. तारेचा ब्रश, तेजाब, तैलरंग व सिमेंट यांस हात लावूं नये. वड-पिंपळाचें रोप लहान असतांनाच काढावें. मूळ सांध्यांत शिरल्यावर ओढल्यास चौथराच फुटतो. दगड संग्रहालयांत हलविण्याचा मोह तर मुळींच धरूं नये. जागा सुटली कीं कबर कोणाची, शेजारी कोण, हा अर्धा पुरावा गेला. शिवाय मृतास न हलविणें हा त्या समाजाचा धर्म आहे.

१९५८ च्या कायद्यांत शंभर वर्षांपूर्वींच्या दफनस्थानांचा समावेश होऊं शकतो. परंतु सरकारनें तशी घोषणा केल्यावांचून केवळ जुनेपणानें संरक्षण मिळत नाहीं. तोंपर्यंत ज्याला जें कबरस्थान जवळ, त्यानें त्याची यादी करावी व एक प्रत समाजाच्या स्वाधीन करावी. दप्तर जळालें तर दुसरी प्रत कोठें तरी सांपडण्याची आशा असते. दगडाची दुसरी प्रत आपण केली तरच असते.