‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्यांना पेशीच्या केंद्रकातून उत्तर

‘हे त्यांच्या रक्तातच आहे.’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले आहे. कधी वर्गात, कधी कार्यालयात, कधी आरक्षणावरच्या वादात. आता त्याची फक्त भाषा बदलली आहे. रक्ताच्या जागी डीएनए आला. ‘गुणवत्ता डीएनएमध्येच असते’, ‘संस्कार जीन्समधून येतात’ असे संदेश समाजमाध्यमांवर फिरतात. त्यांना विज्ञानाचे नाव चिकटवलेले असल्यामुळे आपली शिकलेली मुलेही क्षणभर गप्प होतात.

गप्प होण्याचे कारण नाही. डीएनए पेशीत कसा राहतो, त्याचा कोणता भाग कधी वाचला जातो आणि त्यामागे कोणते भौतिकशास्त्र आहे, यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत फार मोठे काम झाले आहे. त्याची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत. शेवटी हा विषय आपल्याच वस्त्यांमधल्या एका आजारापर्यंत, सिकलसेलपर्यंत, कसा येतो तेही पाहू.

एकच धागा, शेकडो प्रकारच्या पेशी

आपल्या त्वचेची पेशी, मेंदूची पेशी आणि यकृताची पेशी यांत डीएनए जवळपास एकच असतो. अक्षरे तीच, क्रम तोच. तरी एक पेशी विचारांचे संदेश वाहते आणि दुसरी पित्त तयार करते. म्हणजे डीएनएत काय लिहिले आहे एवढ्याने भागत नाही. त्यातले काय उघडे आहे आणि काय मिटलेले आहे, यावर पेशीचे काम ठरते.

माणसाच्या एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात राहतो त्याचा व्यास साधारण १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. हे सगळे दहा हजार पटींनी मोठे करून पाहा. केंद्रक १० सेंटिमीटरच्या चेंडूएवढे होईल आणि त्यात केसाहून बारीक असा २० किलोमीटर लांबीचा धागा असेल. नागपुरातून निघून कामठीला पोहोचेल इतका लांब.

गंमत अशी की जागा कमी पडत नाही. धागा इतका बारीक आहे की तो चेंडूचा एखादा टक्काच व्यापतो. खरी अडचण गुंत्याची आहे. हवा तो भाग हव्या त्या वेळी सापडला पाहिजे आणि पेशीचे विभाजन होताना सगळा धागा न तुटता वाटला गेला पाहिजे.

पहिला उपाय विजेच्या प्रभारातून येतो. डीएनएवर ऋण प्रभार असतो आणि हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर धन प्रभार. त्यामुळे आठ हिस्टोनांच्या रिळाभोवती डीएनएची सुमारे १४७ अक्षरे पावणेदोन वेढ्यांच्या आसपास गुंडाळली जातात. या मण्याला न्यूक्लिओसोम म्हणतात. एका पेशीत असे सुमारे तीन कोटी मणी असतात. १९७४ मध्ये रॉजर कोर्नबर्ग यांनी ही रचना मांडली आणि १९९७ मध्ये तिचे अणूंपर्यंतचे चित्र हाती आले. डीएनए आणि ही प्रथिने मिळून जे बनते ते क्रोमॅटिन. हिस्टोनांना अ‍ॅसिटिल नावाचे छोटे रासायनिक गट जोडले की त्यांचा धन प्रभार कमी होतो, पकड सैल होते आणि तो भाग वाचता येतो. गट काढले की पकड पुन्हा घट्ट. लिहिलेले एक अक्षरही बदलत नाही.

तर्रीचे भौतिकशास्त्र

सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकात गडद, घट्ट भाग आणि फिकट, सैल भाग वेगवेगळे दिसतात. एमिल हाइट्झ या शास्त्रज्ञाने १९२८ मध्येच त्यांना नावे दिली. घट्ट भाग हेटरोक्रोमॅटिन, सैल भाग यूक्रोमॅटिन. २००९ मध्ये हाय-सी नावाच्या पद्धतीने धाग्याचा कोणता भाग कोणत्या भागाला टेकतो याचा नकाशा तयार झाला. त्यात दिसले की सैल भाग सैल भागांच्या सोबत राहतात आणि घट्ट भाग घट्ट भागांच्या सोबत, मग धाग्यावर ते एकमेकांपासून कितीही दूर असोत.

त्यांना वेगळे कोण करते? मध्ये भिंत नाही, पडदा नाही. उत्तरासाठी आपल्या रश्श्याकडे पाहा. रस्सा ढवळून थोडा वेळ ठेवला की तेलाचे थेंब वर येतात, दोन थेंब भेटले की एक होतात आणि शेवटी तर्रीचा थर जमतो. तेलाच्या रेणूंना पाण्यापेक्षा एकमेकांची सोबत सोयीची असते, एवढेच कारण. भौतिकशास्त्रात याला फेज सेपरेशन म्हणतात. घटकांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले किंवा तापमान आणि क्षार बदलले की एकजीव मिश्रण दोन वेगळ्या अवस्थांत फुटते. परिस्थिती पालटली की पुन्हा एकजीव होते.

पेशीतही हे घडते हे २००९ मध्ये क्लिफर्ड ब्रँगविन, अँथनी हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सूक्ष्म कृमीच्या पेशींत दाखवले. तिथले ‘पी ग्रॅन्यूल’ नावाचे कण थेंबासारखे वाहत होते, एकमेकांत मिसळत होते, विरघळत होते. २०११ मध्ये बेडकाच्या अंडपेशीतील केंद्रिकाही, म्हणजे जिथे रायबोसोम बनायला सुरुवात होते ती जागा, द्रव थेंबासारखीच वागते असे आढळले.

मग २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दोन शोधनिबंध सोबत आले. घट्ट क्रोमॅटिनमध्ये एचपी१ नावाचे प्रथिन असते. ते थेंब तयार करू शकते असे दोन्ही गटांनी दाखवले. त्यातला एक गट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. गीता नारळीकर यांचा. त्या आयआयटी मुंबईच्या विद्यार्थिनी आणि मराठी वाचकांच्या परिचयाच्या डॉ. जयंत नारळीकरांच्या कन्या.

वाद अजून संपलेला नाही

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. परीक्षानळीत थेंब झाला म्हणून जिवंत केंद्रकातही तो तसाच असतो असे सिद्ध होत नाही. २०१९ मध्ये काही शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की पेशीतल्या थेंबांचे अनेक पुरावे केवळ दिसण्यावर बेतलेले आहेत. २०२० मध्ये उंदराच्या पेशींवरील एका अभ्यासात एचपी१ द्रव थेंबाच्या कसोट्यांना उतरले नाही. त्याच वर्षी दुसऱ्या गटाला घट्ट क्रोमॅटिन द्रवापेक्षा घन पदार्थासारखे स्थिर वाटले. आज असे मानणारे अनेक आहेत की धाग्याच्या घट्ट भागांमधले परस्पर आकर्षण आणि प्रथिनांचे पूल, या दोन्हींतून ही मांडणी उभी राहते. थेंब हा त्यातला एक भाग असू शकतो.

कालामांना तथागतांनी सांगितले होते की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काही स्वीकारू नका. प्रयोगशाळेतला हा वाद त्याच वृत्तीचा आहे. म्हणूनच ‘बुद्धांनी फेज सेपरेशन अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले’ असा दावा आम्ही करणार नाही, आणि कुणी केला तर तो पुढे पाठवू नये. वेदांत विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो. तोच खेळ आपण खेळायचा नाही.

कडेचे मध्यभागी आले तेव्हा

बहुतेक पेशींत घट्ट क्रोमॅटिन केंद्रकाच्या कडेला असते आणि सैल भाग मध्यभागी. हाच नियम वाटावा इतके सर्वत्र. पण २००९ मध्ये उंदरासारख्या निशाचर प्राण्यांच्या डोळ्यातील दंडपेशींत नेमके उलटे चित्र आढळले. घट्ट भाग मध्यभागी एकवटलेला आणि सैल भाग कडेने. जन्मानंतरच्या काही आठवड्यांत केंद्रक असे उलटते. त्यामुळे ते छोट्या भिंगासारखे काम करते आणि अंधुक उजेडात प्रकाश कमी विखुरतो.

कारण २०१३ मध्ये समजले. इतर पेशींत दोन प्रकारची प्रथिने घट्ट भागाला कडेशी बांधून ठेवतात. दंडपेशींत ती दोन्ही नसतात. २०१९ च्या अभ्यासाने याला भौतिकशास्त्राचा आधार दिला. बांधणारे नसेल तर घट्ट भाग आपसातल्या आकर्षणाने आपोआप मध्यभागी गोळा होतात. कडेला असणे हा त्यांचा स्वभाव नव्हता, त्यांना तिथे धरून ठेवलेले होते.

पेशीचा दाखला समाजाला सरळ लावणे चुकीचे ठरेल. पण ‘सर्वत्र असेच दिसते, म्हणून हेच नैसर्गिक’ हा युक्तिवाद किती कच्चा असतो, हे यातून नक्की शिकता येते.

आता आपल्या घरात: सिकलसेल

‘मग डीएनएला काहीच अर्थ नाही का?’ असे कुणी विचारेल. अर्थ आहे. विदर्भात आणि सातपुड्यात आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा बदल, त्यामुळे प्रथिनातले एक अमिनो आम्ल वेगळे. प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन लांब तंतूंच्या रूपात गोठते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. हेही अवस्थांतरच. प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की विरघळलेले प्रथिन घट्ट होते. वेदना मात्र रुग्ण सोसतो.

आता मांडणीचे महत्त्व पाहा. गर्भात आपण वेगळे हिमोग्लोबिन वापरतो आणि ते या तंतूंत अडथळा आणते. त्याचे जनुक आपल्यात जन्मभर असते, पण जन्मानंतर मिटते. ही जनुके चालू करणारा डीएनएचा भाग प्रौढ हिमोग्लोबिनच्या जनुकापासून सुमारे ५० हजार अक्षरे दूर आहे. अस्थिमज्जेतील तरुण पेशींत, जिथे केंद्रक अजून शाबूत असते, धागा वळसा घेऊन त्या दोघांना जवळ आणतो. २०१४ मध्ये फिलाडेल्फियातील शास्त्रज्ञांनी हा वळसा मुद्दाम गर्भावस्थेतील जनुकाकडे वळवला, तर प्रौढ पेशींत ते जनुक पुन्हा जागे झाले.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्य केलेली ‘कॅसजेव्ही’ ही उपचारपद्धती याच दिशेची आहे. ती सिकलसेलचे बिघडलेले अक्षर दुरुस्त करत नाही. गर्भावस्थेतील जनुक मिटवणाऱ्या प्रथिनाचा पुरवठा रक्तपेशींत कमी करते. सिकलसेलचे अक्षर तेच राहते, मिटलेले पान उघडते. अमेरिकेत तिची किंमत सुमारे २२ लाख डॉलर आहे. ती आपल्या रुग्णापर्यंत कधी पोहोचणार, हा प्रश्न विज्ञानाचा नाही, सामाजिक न्यायाचा आहे. तोवर हायड्रॉक्सीयुरिया हे जुने औषध आहे. तेही अनेक रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

मग रक्तात काय असते?

सिकलसेलचे जनुक कुणाच्या हीनपणाची खूण नाही. एकच प्रत असलेला वाहक सहसा निरोगी असतो आणि गंभीर मलेरियापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच मलेरियाच्या प्रदेशात ते टिकले. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. एकाच समूहात पुन्हा पुन्हा विवाह होत राहिले की दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात जातीचे मूळ सजातीय विवाहात आहे हे दाखवले. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जात म्हणजे वंशशुद्धी हा दावा त्यांनी खोडून काढला. २०१३ मध्ये हैदराबाद आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी जनुकांच्या अभ्यासातून सांगितले की भारतातले जवळपास सर्व समूह मिश्र आहेत, आणि हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले. पुढे विवाहाची दारे बंद झाली. वासेट्ठ सुत्तात तथागतांनी गवत, कीटक, पशू यांच्या जाती जन्माच्या खुणांनी वेगळ्या ओळखल्या, पण माणसांत तशी खूण नाही असे सांगितले.

समतेसाठी पेशीच्या दाखल्याची गरज नाही. माणूस माणूस आहे, एवढे कारण पुरेसे आहे. पण खोटे विज्ञान समोर आले तर खरे विज्ञान आपल्याला ठाऊक असावे.

कार्यकर्त्यांना आमची विनंती एवढीच. पुढच्या वंदनेनंतर किंवा जयंतीच्या बैठकीत सिकलसेल चाचणीचा विषय घ्या. शासकीय आरोग्य केंद्रात चाचणी होते. वाहक निघालेल्या मुलीकडे बोट दाखवणाऱ्यांना तिथेच थांबवा. जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकणारी आपली मुले-मुली असतील तर त्यांना बोलायला उभे करा. आणि कुणी ‘रक्तातच आहे’ म्हणाले, तर त्याला शांतपणे विचारा: रक्तातले नेमके कोणते पान, आणि ते मिटवून कोणी ठेवले?

जय भीम, नमो बुद्धाय.