विद्यापीठीय शिक्षणाचे घरगुती अंदाजपत्रक

१९२३ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव धारण करणाऱ्या नागपूर विद्यापीठात पारशिवनी तालुक्यातून मुलांना पाठवताना केवळ शिक्षण शुल्काचा विचार अपुरा ठरतो. कारण खोलीभाडे, खानावळ आणि प्रवास मिळून होणारा निर्वाहखर्च, म्हणजे शिकत असताना राहण्या-जेवण्याला लागणारा पैसा, अनेकदा शुल्काहून जड होतो. एसटीच्या मासिक पासवर विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत असल्याने रोजची ये-जा आणि शहरातील मुक्काम यांची तुलना आधी करावी. वसतिगृहात राहणाऱ्या पात्र विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. मात्र शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा हाती येऊ शकते, म्हणून पहिल्या सत्राची तरतूद पालकांनी कापूस विकला जातो त्याच वेळी बाजूला काढून ठेवावी.