ताटाची डावी-उजवी बाजू

सोलापूर-धुळे महामार्गावर बीडच्या आसपास कुठंही जेवायला थांबलो, की हमखास एक प्रश्न कानावर येतो, "यांना काय आणू?" प्रश्न मला नसतो, शेजारी बसलेल्या माझ्या पुतण्याला असतो. मला दिसत नाही हे खरं. पण भूक माझी असते आणि बिलही बहुधा मीच देतो.

अंध गिऱ्हाइकासाठी मोठा खर्च करावा लागेल, असं हॉटेलमालकांना वाटतं. ब्रेलमधलं मेनूकार्ड ठेवलं तर उत्तमच. पण भाव बदलले की ते जुनं होतं आणि उतारवयात दृष्टी गेलेल्या अनेकांना ब्रेल येत नाही. त्यापेक्षा वेटरनं पदार्थांची नावं वाचून दाखवावीत, आणि भावासकट! भाव नेमका सांगायचा राहतो.

परदेशात ताट समजावताना घड्याळाचा आधार घेतात. तीनवर भाजी, सहावर भात. आपल्याकडची वाढण्याची रीत याच कामाची आहे. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. पंगतीत असं वाढलेलं पान मला कुणी समजावून सांगावं लागत नसे. हॉटेलात मात्र वाट्या जागा मिळेल तशा ठेवतात आणि बोट ठेच्यात बुडाल्यावर कळतं, की हे श्रीखंड नव्हे! म्हणून थाळी ठेवताना एवढंच सांगावं, "काका, रस्सा उजव्या हाताला, गरम आहे. ठेचा डावीकडे. पाणी ताटाच्या वरच्या बाजूला." आणि मग तो ग्लास न सांगता हलवू नये.

ज्यांना अंधूक दिसतं, त्यांचा पांढरा भात चकाकत्या स्टीलमध्ये हरवतो. त्यांना गडद रंगाची ताटली बरी. हात धुवायला नेताना दंड धरून ओढू नये. आपलं कोपर पुढे करावं, ते धरून आम्ही अर्धं पाऊल मागून चालतो.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सुगम सेवेची जबाबदारी खासगी सेवा देणाऱ्यांवरही टाकली आहे.

राहिलं बिल. शंभराच्या नोटेवर उठावदार त्रिकोण असतो, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. वापरून नोट गुळगुळीत झाली की ते बोटांना लागत नाहीत. पन्नास, वीस, दहाच्या नव्या नोटांवर तर अशी खूणच नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये आणलेलं 'मणी' ॲप मोबाइलवर नोट ओळखून सांगतं. पण गल्ल्यावर रांग लागलेली असताना ते कोण उघडणार? सुट्टे पैसे परत देताना एकेक नोट हातावर ठेवून मोठ्यानं म्हणावं, "ही पन्नासची, ही वीसची, ही दहाची."