फुलण्याआधी उपटा

पावसाळ्यात आपल्या कृष्णपुऱ्यातल्या अंगणांत, वाफ्यांत गाजराच्या पाल्यासारखी रोपं दिसली, तर ती तिथंच थांबवा. हे गाजर गवत. मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची ठळक नोंद पुण्यात १९५५च्या सुमारास झाली. एका झाडाला हजारो बिया येतात, उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलंही धरतात. म्हणून सगळा खेळ वेळेचा आहे. सर येऊन गेली, माती भुसभुशीत झाली, की हातमोजे घालून मुळासकट उपटावं. यातल्या पार्थेनिन या द्रव्यानं त्वचेला खाज सुटते. परागांनी दमेकऱ्यांना त्रास होतो. मुलांना हे काम कृपया सांगू नका.

फुलं नसलेली रोपं कंपोस्टमध्ये चालतात, फुललेली मुळीच नाही. गवत मारायला मिठाचं पाणीही वाफ्यात नको, माती बिघडते. मोकळी जागा पालापाचोळ्यानं झाका किंवा झेंडू दाट लावा.

पानांवर मळकट पांढरा, तपकिरी रेघांचा भुंगेरा दिसला तर मारू नका. मेक्सिकोहून आणून १९८४ साली भारतात सोडलेला हा झायगोग्रामा हेच गवत खातो. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय त्याची पैदास करतं.