कमवा आणि शिका : पगारापलीकडची शिदोरी

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करत. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले तेही श्रम करून शिकण्याच्या याच तत्त्वावर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आज कर्मवीरांच्याच नावाने चालते.

या योजनेत विद्यार्थी ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय किंवा बागेत काम करतो आणि तासांच्या हिशेबाने मानधन घेतो. रक्कम मोठी नसते. पण मेसचे बिल किंवा एसटीचा पास निघाला तरी घरावरचा भार हलका होतो.

काम कोणते मिळते, यावर मात्र बरेच अवलंबून आहे. वर्षभर नुसते शिक्के मारून फारसे काही हाती लागत नाही (आणि असे शिक्के मारणारे पुष्कळ असतात). ग्रंथालयात पुस्तकांचे विषयवार वर्गीकरण, संगणकावरील नोंदी, वाचकांशी बोलणे हे सगळे अंगवळणी पडते. प्रयोगशाळेत साहित्याच्या साठ्याची नोंद ठेवायला शिकता येते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करा, आवडीचा विभाग मागून घ्या. बायोडेटात नुसते योजनेचे नाव नको; कोणती नोंदवही सांभाळली, कोणते सॉफ्टवेअर वापरले, तेही लिहा. विभागप्रमुखांकडून अनुभवाचे पत्र परीक्षेच्या धांदलीआधीच घेतलेले बरे.