अध्ययनशैली आणि गणितातील प्रगती

माध्यमिक शाळेतील अनेक विद्यार्थ्यांना गणित अवघड वाटते. आठवी-नववीत मागे पडलेला विद्यार्थी पुढे विज्ञान वा तंत्रशिक्षणाकडे वळण्यास धजत नाही. अशा वेळी त्याची अध्ययनशैली ओळखून तीनुसार शिकवावे, असा सल्ला शिक्षकांना व पालकांना दिला जातो. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी वाचून-लिहून, तर कोणी प्रत्यक्ष कृतीतून, अशी ही कल्पना आहे. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी केलेले हे चार प्रकारांचे वर्गीकरण विशेष प्रसिद्ध आहे.

तथापि, ही कल्पना कसोटीस कितपत उतरते? हॅरॉल्ड पॅशलर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाची छाननी करून २००८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यास त्याच्या शैलीनुसार शिकविल्याने तो अधिक शिकतो, यास पुरेसा आधार त्यांना आढळला नाही. मुलांच्या आवडी भिन्न असतात हे खरे; परंतु आवड म्हणजे आकलन नव्हे. भूमितीचे प्रमेय समजण्यास आकृती सर्वांनाच साहाय्यभूत होते, आणि समीकरणे स्वतः लिहून सोडविल्याखेरीज अंगवळणी पडत नाहीत. ‘हा केवळ ऐकून शिकणारा’ असा शिक्का मारल्यास मुलाची वाट मात्र अरुंद होते.

सरावाची मांडणी बदलल्यास मात्र फरक पडतो. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील सातवीच्या ५४ वर्गांवर केलेला प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. काही वर्गांना एकाच प्रकारची उदाहरणे सलग, तर काहींना निरनिराळ्या प्रकारची उदाहरणे मिसळून देण्यात आली. पुढे सर्वांची सारखीच उजळणी घेऊन एक महिन्याने पूर्वसूचना न देता चाचणी घेण्यात आली. तीत मिश्र सराव करणाऱ्यांना सरासरी ६१ टक्के, तर सलग सराव करणाऱ्यांना ३८ टक्के गुण मिळाले.

याचे कारण उघड आहे. सरळव्याजाच्या प्रकरणाखालील सर्व उदाहरणे सरळव्याजाचीच असतात. रीत कोणती, हे ठरवावे लागत नाही. परीक्षेत मात्र प्रथम रीत ओळखावी लागते. मिश्र सरावात प्रारंभी चुका अधिक होतात व वेळही अधिक लागतो. त्यामुळे निराश होण्याचे कारण नाही.

यास्तव, शिक्षकांनी गृहपाठात नव्या धड्याच्या उदाहरणांसोबत मागील धड्यांचीही काही उदाहरणे द्यावीत. यास वेगळा खर्च येत नाही. पालकांनी, स्वतःचे शिक्षण अल्प असले तरी, ‘हीच रीत का घेतलीस?’ एवढे मुलास अवश्य विचारावे.