‘डोझ’ म्हणजे औषधाचा डोस नव्हे, डुलकी! गोळीच्या पाकिटावरचा इशारा समजून घ्या

औषधाच्या डोसला गावाकडे बरेच जण ‘डोज’ म्हणतात. पण इंग्रजीत ‘डोझ’ हा वेगळाच शब्द आहे. स्पेलिंग डी, ओ, झेड, ई. अर्थ डुलकी, म्हणजे हलकी झोप. औषधाच्या डोसमध्ये झेडच्या जागी एस येतो. एका अक्षराचा फरक, पण अर्थ पार बदलतो.

आपण ठरवून अंग टाकतो, दुपारी वामकुक्षी घेतो, त्याला इंग्रजीत ‘नॅप’ म्हणतात. ‘डोझ’ बहुतेक वेळा न सांगता येते. बसल्या बसल्या मान खाली जाते, हाक मारली की माणूस दचकून उठतो आणि वर म्हणतो, ‘झोपलो नव्हतो!’ ‘ही डोझ्ड ऑफ’ म्हणजे त्याचा डोळा लागला. ‘आय वॉज डोझिंग’ म्हणजे मी पेंगत होतो.

याच अर्थाच्या जवळचा शब्द ‘ड्राउझी’, म्हणजे पेंगुळलेला. त्यावरून ‘ड्राउझिनेस’, म्हणजे पेंग किंवा गुंगी. हा शब्द ओळखता आलाच पाहिजे, कारण सर्दी, खाज, ॲलर्जीच्या बऱ्याच औषधांवर तो बारीक अक्षरात छापलेला असतो. ‘मे कॉज ड्राउझिनेस’ म्हणजे या औषधाने गुंगी येऊ शकते. सेटिरिझिन, क्लोरफेनिरामाइन ही त्यातली नेहमीची नावे. अशी गोळी घेऊन गाडी, ट्रॅक्टर किंवा कडबाकुट्टी चालवू नये. त्यावर दारू घेतली तर गुंगी आणखी वाढते.

डुलकी दोन-तीन सेकंदांची असली तरी जीवघेणी ठरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ३ सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. तेवढे अंतर चालकाचे डोळे मिटलेले! रात्रीच्या लाईटला पिकाला पाणी देऊन पहाटे दुचाकीवर निघणारे, ऊस घेऊन रात्रभर ट्रॅक्टर हाकणारे यांना हा धोका जास्त. गाणी लावून किंवा तोंडावर पाणी मारून झोप फार वेळ थोपवता येत नाही. गाडी रस्त्याच्या खाली सुरक्षित जागी लावून १५-२० मिनिटे झोपणे हाच खरा उपाय.

हा शब्द मोबाईलमध्येही आहे. अँड्रॉइड फोनमध्ये २०१५ पासून ‘डोझ’ नावाची सोय आली. चार्जिंगला न लावलेला फोन स्क्रीन बंद करून बराच वेळ एका जागी पडून राहिला की तोही डुलकी घेतो. बॅटरी वाचते, पण काही ॲपचे मेसेज उशिरा येतात. फोन कॉल आणि घड्याळाचा गजर मात्र चालू राहतो.

फोनने डुलकी घेतली तर बॅटरी वाचते, चालकाने घेतली तर जीव जातो. म्हणून मेडिकलमधून गोळी घेताना एवढे जरूर विचारा, ‘याने झोप येते का?’ येत असेल तर गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांनाच विचारून ठरवा.